माशांची काचेची पेटी

गेल्या आश्विनांत, दिवाळीच्या साफसफाईच्या ओघांत, मीं नातीची माशांची काचेची पेटी रिकामी केली, तींतील खडे व फिल्टरचा स्पंज नळाखालीं लख्ख धुतले आणि ताजें पाणी भरलें. चौथ्या दिवसापर्यंत पांचांपैकीं तीन गप्पी मासे मेले. “आजोबा, पाणी तर स्वच्छ होतें ना?” हा तिचा प्रश्न मला फार झोंबला.

दोष माझ्या अज्ञानाचा. माशांच्या मलापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. खडे व स्पंज यांवर वसणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग बरेंच सौम्य असें नायट्रेट करितात. नव्या पेटींत हे जंतु पुरेसे वाढण्यास सुमारें ४ ते ६ आठवडे लागतात. मीं तेच धुऊन टाकिले. शिवाय नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मासे व जंतु या दोहोंसही घातक.

म्हणून वाचकहो, एवढें पथ्य पाळावें. दर आठवड्यास चतुर्थांश पाणीच बदलावें. नव्या पाण्यांत दुकानीं मिळणारें ‘अँटी-क्लोरीन’ प्रमाणांत मिसळावें व तें पेटींतील पाण्याइतक्याच उष्णमानाचें असावें. स्पंज, काढलेल्या जुन्या पाण्यांतच पिळावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. एकत्र कुटुंबांत जो तो प्रेमानें चिमूट टाकतो; तेव्हां हें काम एकाकडेच सोंपवावें.

आमच्या घरीं तें आतां नातीकडे आहे. उरलेले दोन मासे जगले. पेटीस हात लावण्यापूर्वीं मी तिची अनुज्ञा घेतों.