फॉर्मवर विचारता, मग घरीही या

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महापालिका आयुक्त,
अमरावती व अकोला

विषय : स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यावर घरपोच मदत मिळण्याबाबत.

महोदय,

आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म भरतात. साठीपुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत. जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? जेवण, कपडे, आंघोळ, संडास यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? माझ्या वडिलांच्या फॉर्मवर दोन्हीकडे ‘होय’ आहे. आशाताईंनी तो मन लावून भरला. त्यांच्या हाती तेवढंच होतं. त्यानंतर आमच्या घरी कोणी आलं नाही. त्या ‘होय’नंतर काय व्हायला हवं, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे.

वडील दर्यापूर तालुक्यातले, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेले. त्यांचं विसरणं आम्ही हळूहळू अंगवळणी पाडून घेतलं होतं. यंदाच्या उन्हाळ्यात पायजमा ओला व्हायला लागला, मग शौचही कळेनासं झालं, आणि घराची घडीच विस्कटली. ओला पायजमा ते उशीच्या अभ्र्यात कोंबून ठेवत, कधी धान्याच्या कोठीमागे. लेकीचं नाव गेलं, लाज मात्र शाबूत राहिली. मी नाडी सोडायला गेले की माझं मनगट घट्ट धरत. “कोनाची व्हय वं तू? भाईर जाय!” अनोळखी बाई आपले कपडे काढते आहे असं वाटणाऱ्या माणसाचा तो राग आहे. त्यांच्या जागी मीही तशीच चिडले असते.

एका दवाखान्यात सांगितलं, आता हे असंच चालायचं. दुसऱ्या ठिकाणी लघवीची नळी घातली. ती त्यांनी रात्री ओढून काढली आणि चादर रक्ताने भरली. अखेर एका डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून पाहिलं. आत मळाचे खडे धरले होते. त्यांच्या कडेने पातळ शौच झिरपत होतं आणि मूत्राशय दाबलं जात होतं. एनिमा झाला, रोजचं औषध सुरू झालं, आणि निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा आजाराचा आहे, तो आम्ही सांभाळतो.

हे विस्ताराने लिहिते, कारण अशा म्हाताऱ्यांचा ताबा अचानक सुटला की सगळं खापर मेंदूवर फुटतं. लघवीत जंतुसंसर्ग असू शकतो. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबून थेंबथेंब गळत असू शकते. साखर वाढलेली असते, किंवा बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असते. लघवी थांबवण्यासाठी लिहून देतात त्यांतली काही औषधं स्मरणशक्ती आणखी बिघडवतात. कधी काहीच बिघडलेलं नसतं, माणसाला अंधारात संडास सापडत नाही, सापडला तर नाडीची गाठ सुटत नाही. आम्ही नाडीच्या जागी इलॅस्टिक घातलं, संडासात रात्रभर दिवा ठेवला, दर दोन तासांनी हाताला धरून नेऊ लागलो. पाणी तोडलं नाही. पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ दोन्ही वाढतात, आणि अकोल्याच्या मे महिन्यात तर ते जिवावर बेततं. यातलं काहीही महाग नाही. फक्त घरी येऊन दाखवणारं माणूस लागतं.

ते माणूस तुमच्या कागदावर आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या घरी उपकेंद्रातून भेट द्यावी, घरच्यांना शुश्रूषा शिकवावी, असं त्याच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलं आहे. केरळने 2008 मध्ये उपशामक शुश्रूषेचं (पॅलिएटिव्ह केअर) धोरण करून पंचायतींमार्फत नर्स घरापर्यंत पोचवली. भारतात साठीपुढच्या दर शंभर माणसांत सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. एखाद्या गल्लीचं दुर्दैव म्हणून सोडून देता येईल असा हा आकडा नाही.

आता पैशाचं. मोठ्यांचं एक डायपर साधारण 40 रुपयांना पडतं, दिवसाला तीन-चार लागतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये दहा-बारा दिवसांत संपतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 3,000 रुपये मिळतात, तेही एकदाच. सप्टेंबर 2025 मध्ये डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, पण ज्या घरात डायपर येतच नाही तिथे त्याचा काय उपयोग? तिथे जुन्या लुगड्याच्या घड्या वापरतात आणि धुतात. खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, कापड वाळलं की कडक होतं आणि म्हाताऱ्या कातडीला घासतं. अकोला शहरात नळ काही दिवसांआड येतो, तोवर घाणीचं धुणं बादलीत भिजत पडतं. आणि हे धुणार कोण? बहुतेक घरांत सून. कापूस वेचायची मजुरी बुडवून ती सासऱ्याचं करते, आणि चारचौघांत बोलताही येत नाही. याच अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, ज्यांना कोणी शिवत नव्हतं त्यांच्या जखमा धुतल्या. इथल्या माणसांना शुश्रूषेची किळस नाही, त्यांना शिकवणारं कोणी नाही.

म्हणून मागणी. सीबॅक फॉर्मवर त्या दोन प्रश्नांना ‘होय’ आलं की पंधरा दिवसांत परिचारिका घरी यावी. तिने लघवीची तपासणी करावी, पोट पाहावं, गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, पाठीवर, माकडहाडावर कातडी लाल झाली आहे का ते बघावं. कूस कशी वळवायची, चादर माणूस न उठवता कशी बदलायची, झिंक ऑक्साइडचं मलम कुठे लावायचं, हे हात धरून शिकवावं. नळी हा शेवटचा उपाय राहावा. डायपर आणि अंथरुणावरचे पॅड जिल्हा नियोजनाच्या निधीतून गरजू घरांना दरमहा मिळावेत. आयुक्तांना वेगळी विनंती : वापरलेलं डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावं असं 2016 च्या घनकचरा नियमांत होतं, पण आमच्याकडचा गाडीवाला ते पुडकं पाहून तोंड फिरवतो. त्याच्या हातात मोजे नाहीत, त्याला मी दोष देत नाही. त्याला मोजे आणि गाडीवर वेगळा डबा द्या. अकोल्यात टँकर लावताना अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेलं घर आधी घ्या.

या विषयावर तुम्ही बैठक लावाल तेव्हा वृद्ध सांभाळणाऱ्या दोन-चार सुनांनाही बोलवा. त्या वेळात त्यांच्या घरी रुग्णाजवळ बसायला कोणी तरी लागेल, तेवढी सोय आधी करा. मी येईनच.

आपली,
एका निवृत्त शिक्षकाची मुलगी
अमरावती