गाळा गळतोय, खर्च कुणाचा?



पावसाळा लागला की शिरूर-दौंडकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, गाळा गळतोय. मालक म्हणतात तुम्हीच करून घ्या. कायद्याने खर्च कुणाचा?"

माझं मत सरळ आहे. हा प्रश्न सही करायच्या आधी विचारायचा असतो. कारण उत्तर तुमच्या करारात दडलंय, आणि तो करार आपण सहसा वाचतच नाही.

आधी कायदा बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ सांगतं की जागा वापरण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणं हे मालकाचं काम. तो लक्ष देत नसेल तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. पण एका वर्षात, त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना ८,००० भाडं असेल तर वर्षाचे झाले ९६,०००, म्हणजे कापता येणार जास्तीत जास्त २४,०००. पत्रे बदलायला ६०,००० लागले तर? बसा हिशोब करत! पावत्या मात्र सगळ्या जपा, खर्चाचा पुरावा म्हणून त्याच चालतात.

ऐकायला छान वाटतं ना? आता गोम ऐका.

करारात उलट काही ठरलं नसेल तरच मालकावर ही जबाबदारी येते. छापील मसुद्यात "सर्व दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी" अशी एक ओळ असली आणि तुम्ही खाली सही केली, की विषय संपला.

दुसरी गोम याहून मोठी. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स केलं असेल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाहीच! तुम्हाला फक्त जागा वापरायची परवानगी मिळालेली आहे. नोटीस देऊन भाड्यातून कापायचा तो हक्क भाडेकरूचा. तुमचा खरा आधार म्हणजे करारातले शब्द.

शिवाय हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागतो. रांजणगाव एमआयडीसीच्या आसपास किंवा कुरकुंभकडे गावात गाळा घेताय? आधी तालुक्याच्या वकिलाला विचारून घ्या. लागू नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा येतो. तिथे मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे, तेवढ्याचाच खर्च मागता येतो. म्हणजे फिरून परत करारच.

आता मालकाची बाजू. आपल्याकडे गाळामालक काही मोठा बिल्डर नसतो. रस्त्यालगत शेताची कडा होती, कर्ज काढून चार गाळे बांधले, असा माणूस. तुम्ही थ्री फेजची चक्की लावली आणि वायरिंग जळालं, तर ते त्याने का भरावं? मी तरी भरा म्हणणार नाही.

म्हणून वाटणी लिहून काढा. स्लॅब, पत्रे, भिंती, ड्रेनेज, मीटरपर्यंतची लाईन मालकाकडे. नळ, बल्ब, शटरचं ग्रीसिंग आणि तुमच्या मशीनमुळे झालेलं नुकसान तुमच्याकडे. एक रक्कमही ठरवा: समजा २,००० पर्यंतचं किरकोळ काम तुमचं, त्यावरचं मालकाचं. कळवल्यापासून किती दिवसांत काम व्हायला हवं आणि नाही झालं तर भाड्यातून किती कापायचे, हेही लिहा. मालक याला कुरकुर करत असेल तर पावसाळ्यात काय होणार ते आत्ताच कळलं की!

"आपलीच माणसं आहेत, कागद कशाला?" हे वाक्य मला सगळ्यात महाग वाटतं. पाहुण्यारावळ्यांतले संबंध पाच हजारांच्या वॉटरप्रूफिंगवरून तुटतात. वर, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती चुकवली तर शिक्षेची तरतूदही आहे. हे त्यांना गोडीत सांगा, बरेच जण लगेच तयार होतात.

आणि चावी घ्यायच्या दिवशी मोबाईलवर गाळ्याचा व्हिडिओ काढा. छत, कोपरे, मीटर, शटर, जुने तडे, सगळं. तिथेच उभं राहून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. म्हणजे सोडताना "हा तडा तुम्हीच पाडला" म्हणत कुणी डिपॉझिट अडवू लागलं, तर दाखवायला तारखेसकट व्हिडिओ हातात असेल.