दुखत नाहीं म्हणून

आमच्यांतील पुष्कळ कुटुंबांस दंतवैद्याकडे जाण्याचा एकच मुहूर्त ठाऊक असतो. तो म्हणजे दाढेच्या ठणक्यानें जागून काढलेल्या रात्रीनंतरची सकाळ. हिरड्यांतून रक्त आलें तर "उष्णता झाली" म्हणून आपण मोकळे होतों, आणि जेथें रक्त येतें नेमकी तीच जागा घासण्याचें टाळतों. आमच्या मतें ही समजूत दांत किडण्यापेक्षांही घातक आहे. कारण कीड निदान दुखून आपली वर्दी देते, हिरड्यांचा रोग बहुधा मुकाट्यानें वाढतो.

दांतांवर रोज एक चिकट, पांढुरका थर जमतो. तो नुसता अन्नाचा शेष नव्हे, तर जंतूंची दाट वसाहत होय. हॉलंडांतील डेल्फ्टचे रहिवासी लेव्हेनहूक ह्यांनीं १६८३ सालीं स्वतःच्याच दांतांमधील मळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्यांतील हालत्या जीवांचें वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून कळविलें. आणि हे गृहस्थ रोज सकाळीं मिठानें दांत घासणारे होते, हें विशेष! हा थर तसाच राहिला तर लाळेंतील क्षार त्यांत बसून थोड्याच दिवसांत त्याचें दगडासारखें किटण बनतें. मग ब्रश, दंतमंजन, कडूनिंबाची काडी, कोणाचेंच त्यापुढें चालत नाहीं. तें दंतवैद्याच्या हत्यारानेंच निघतें.

१९६५ सालीं डेन्मार्कमधील आर्हूस येथें हॅराल्ड लो व त्यांचे सहकारी ह्यांनीं १२ निरोगी माणसांस दांत घासणें बंद करावयास सांगितलें. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दांत पुन्हां घासूं लागल्यावर त्या पूर्ववत् झाल्या. ह्या पायरीवर रोग परतवितां येतो. पुढें मात्र दांताभोंवतींचें हाड झिजूं लागलें कीं तें सहसा भरून येत नाहीं, आणि एके दिवशीं न किडलेला, धडधाकट दांत हलूं लागतो.

"दांत साफ करविले कीं ते ढिले होतात," हें वाक्य आम्हीं सुशिक्षित पालकांच्या तोंडूनही ऐकिलें आहे. वस्तुतः तो दांत आधींच सैल झालेला असतो. किटणाच्या भिंतीनें तो टेकून धरलेला असतो, आणि भिंत गेली कीं खरी स्थिति उघडी पडते. कांहीं दिवस गार पाणी झोंबतें, हेंही खरें. पण तेवढ्यासाठीं रोग पोसावयाचा, ह्यांत शहाणपण कोणतें? मिश्रीनें हिरड्या बळकट होतात, असें मानणाऱ्या माताभगिनींनीं मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय, हें ध्यानांत घ्यावें. तिनें बळकटी येत नाहीं, कर्करोगाचें भय मात्र येतें. मधुमेह असणारांनीं तर हिरड्यांस अधिकच जपावें.

दर सहा महिन्यांनीं प्रत्येकानें दांत साफ करविलेच पाहिजेत, असा आमचा आग्रह नाहीं. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनाप्रमाणें तपासणीचें अंतर ज्याच्या त्याच्या तोंडाची स्थिति पाहून ठरवावयाचें असतें. प्रौढांस ३ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत, परंतु १८ वर्षांखालील मुलांस १ वर्षाहून अधिक नाहीं. हें आम्हांस रास्त वाटतें. तेव्हां येत्या सुटींत मुलांस आजोळीं पाठविण्यापूर्वीं एक सकाळ दंतवैद्याकडे घालवावी. आणि सोबत नेणारे वडील स्वतः कित्येक वर्षांत तेथें फिरकले नसतील, तर त्या खुर्चीवर आधीं त्यांनींच बसावें.