गिअरबॉक्स गेला, असे कोणी म्हणाले तर

या पानावर आम्ही बहुतेक वेळा घरखर्च, औषधपाणी, मुलांचे प्रवेश यांबद्दल बोलतो. या वेळी गाडीबद्दल बोलायचे आहे, कारण गाडीचा खर्चही शेवटी त्याच डब्यातून निघतो.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. क्लच दाबायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. ऑटोमॅटिक गाडीला क्लचचा पेडल नसतो, उजव्या पायावर काम भागते. म्हणून आम्ही बारा वर्षांची, चार गिअरची, जुनी ऑटोमॅटिक घेतली. मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या पैशांतले थोडे त्यात घातले. वर्षभरात परत जमवू, असे ठरले.

सहा महिने सुखाचे गेले. मग एकदा चिपळूणहून कराडला तपासणीसाठी निघालो आणि कुंभार्ली घाटाच्या मध्यावर गाडीने दगा दिला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचे, काटा वर चढायचा, पण गाडी ओढेना. दहा मिनिटे थांबलो की थोडी चालायची, पुन्हा तेच. गावी फोन केला तर भाऊ दोर घेऊन निघाला. पण ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी त्याला अडवले. "टोचन करू नका, टेम्पोवर चढवून आणा," म्हणाले. इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही. अशा वेळी पुढची चाके रस्त्यावर फिरत राहिली तर आतले भाग तेलाविना घासतात. आधीच आजारी असलेला गिअरबॉक्स मग खरोखर मरतो.

पहिल्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला : गिअरबॉक्स गेला, पंच्याऐंशी हजार. अब्बा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना फक्त इतके म्हणाले, "माझ्या पायापायी पोरीचे वर्ष वाया जायला नको. विकून टाका."

दुसऱ्या दिवशी त्याच म्हाताऱ्या मेस्त्रींना गाडी दाखवली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "ऑइल बघितलं का कोणी?" कोणीच बघितले नव्हते. तेव्हापासून आम्ही जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सर्वात आधी, गाडीत कोणता ऑटोमॅटिक आहे ते विचारा. आपल्याकडे २०१४ पासून छोट्या गाड्यांत आलेला एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. त्याचा क्लच आणि गिअर यंत्र बदलते. गिअर बदलताना गाडी किंचित अडखळणे हा त्याचा स्वभाव आहे, रोग नव्हे. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात. तिथे आवाज एकाच पट्टीत राहून वेग वाढत जातो. त्याला घसरणे समजू नका. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो आणि सगळे काम तेलाच्या दाबावर चालते. आमची गाडी या जातीची. पुढचे बहुतेक तिच्यासाठीच आहे.

आता तेल. गाडी वीसेक मिनिटे चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला वीट लावा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी, आर, एन, डी असा एकेक जागी दोन-तीन सेकंद फिरवून परत पी मध्ये आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघतात. काहींत बंद करून. तुमच्या गाडीचे पुस्तक सांगेल तेच खरे. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, ते काम लिफ्टवरचे.

तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर आणि स्वच्छ असेल तर बरे. तपकिरी आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेटी भाजल्या आहेत. गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरचे पाणी तेलात मिसळते आहे; अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. बोटाला चमचमणारे कण लागले तर धातू झिजतो आहे, आणि तो खर्च मोठा असतो.

आमच्या डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेलाही लागले नाही. रंग तपकिरीकडे झुकलेला, वास थोडा जळका, कण मात्र नव्हते. कूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाची क्लिप सैल होऊन तेल थेंबथेंब गळत होते. घाटात चढताना तेल पंपापासून दूर सरकायचे, पंप हवा ओढायचा, दाब पडायचा. थांबलो की तेल पुन्हा गोळा व्हायचे. दहा मिनिटांनी गाडी का चालायची, ते तेव्हा कळले.

तेल ठीक असेल तर पुढचे बघा. सकाळी इंजिन थंड असताना एन मधून डी आणि मग आर टाका. एक-दोन सेकंदांत हलका धक्का जाणवून गाडी पकड घेते. तीन-चार सेकंद लागत असतील तर आतला दाब कमी आहे. डी चालतो पण आर चालत नाही, असे असेल तर दोष बहुधा आतला. कोणताच गिअर लागत नसेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी लिव्हरची केबल निसटली आहे का ते बघा. हे काम स्वस्तातले आहे. लिव्हर पी मधून हलतच नसेल तर ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का पाहा. लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा फ्यूज गेलेला असू शकतो. गाडी पी मध्ये चालू होत नाही पण एन मध्ये होते, तर बहुधा लिव्हरजवळच्या स्विचचा किंवा त्याच्या जुळणीचा दोष.

साठ-सत्तरच्या वेगाने सपाट रस्त्यावर हलक्या पायाने जाताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवर संशय घ्या. काही वेळा तेल बदलूनही ती जाते. गाडी एकाच गिअरला चिकटून बसली आणि दिवा लागला, तर गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी तसे केलेले असते. मग स्कॅनर लावून घ्या. पी०७०० हा कोड फक्त "गिअरबॉक्सकडे बघा" एवढेच सांगतो. त्याच्या जोडीचा कोड महत्त्वाचा. पी०७१५ किंवा पी०७२० आला तर वेग मोजणारा सेन्सर किंवा त्याची वायर आधी तपासा. पी०७३० म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही, बहुधा घसरण. बॅटरी कमजोर असली तरी खोटे कोड येतात, म्हणून बॅटरी आधी.

आमचे काय झाले? पाइप बदलला, तेल काढून नवे भरले, हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलले. पुस्तकात लिहिलेल्या जातीचेच तेल घातले. सीव्हीटीचे तेल याला किंवा याचे त्याला कधी चालत नाही. सगळे मिळून साडेसात हजार लागले. गाडी धावू लागली, अल्हम्दुलिल्लाह, मुलीची फीही वेळेवर भरली. पण उशीर झालाच होता. आजही खूप गरम झाली की चौथा गिअर लागताना ती क्षणभर सुटते. प्लेटी भाजल्या त्या भाजल्या.

गेल्या महिन्यात शेजारच्या मोहल्ल्यातले एक गृहस्थ गाडी घ्यायला आले. त्यांच्या बीबींनाही गुडघ्याचाच त्रास. घरात कोणीतरी हळूच म्हणाले, थंड गाडी दाखवू या, सकाळीच बोलवा. अब्बांनी ऐकले. ते स्वतः गृहस्थांना घेऊन तासभर फिरून आले, गाडी तापल्यावर तो झटका त्यांना दाखवला, वरून म्हणाले, "ऐब लपवून घेतलेला पैसा आम्हाला पचणार नाही." गृहस्थांनी पंचवीस हजार कमी दिले आणि गाडी नेली. परवा बाजारात भेटले, तर थांबून अब्बांच्या पायाची चौकशी केली.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावून बघा. आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणा. आणि विकायला निघाल तेव्हा गाडी गरम करूनच दाखवा.