‘कधी झाला?’ हे जिल्ह्याला विचारा, बाईला नको

सातारा-सांगलीत एचआयव्हीचा विषय निघाला की एकच आकडा फेकतात: एकूण पेशंट किती. माझ्या मते ही जुन्या खात्याची वही आहे. एआरटीच्या गोळ्यांमुळे माणसं वर्षानुवर्षं जगतात, जगलीच पाहिजेत. पण मग पंधरा वर्षांपूर्वीची लागण आणि गेल्या दिवाळीनंतरची लागण एकाच बेरजेत जाते. आज लागण कुठे पसरतेय, ते कळत नाही.

ते कळायला टेस्ट आहे. लागण ताजी असताना अँटीबॉडी विषाणूला सैल धरते, पुढे पकड घट्ट होते. वेस्टर्न ब्लॉटच्या पट्टीवर पी-२४ ची रेघ लवकर दिसते, पी-३१ ची उशिरा. यावरून लागण अलीकडच्या काही महिन्यांतली की जुनी, याचा अंदाज बांधता येतो.

झालं, आता काही जण म्हणणार, प्रत्येक पेशंटच्या रिपोर्टवर हे छापा! माझा विरोध इथेच आहे.

आपल्याकडे गरोदरपणात बाईची तपासणी आधी होते, नवऱ्याची नंतर. रिपोर्टवर ‘ताजी लागण’ आलं तर सासरी काय ऐकावं लागेल, ते सांगायला हवं का? लागण कुणाकडून झाली, हे ही टेस्ट सांगूच शकत नाही. शिवाय एआरटीवर असलेल्याची जुनी लागणही ‘ताजी’ दिसू शकते, म्हणून सोबत व्हायरल लोड बघावा लागतो. आणि उपचाराचं म्हणाल, तर २०१७ पासून देशात धोरण आहे: पॉझिटिव्ह आला की गोळ्या सुरू, लागण नवी असो वा जुनी. मग तो शिक्का कुणाच्या कामाचा?

सांगलीला हे नव्यानं शिकवायला नको. ‘संग्राम’ संस्था १९९२ पासून इथल्या वेश्यावस्तीत बायकांना सोबत घेऊन काम करतेय. त्यातूनच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. विश्वास असला की बाई तपासणीला येते, बोट दाखवलं की दार लावून घेते.

म्हणून मागणी साधी आहे. नाव-गाव काढून टाकलेल्या नमुन्यांवर ही टेस्ट करा. जिल्ह्याचा अंदाज काढा आणि हायवे, साखर कारखाने, मुंबईला कामाला जाणारी माणसं, यांपैकी काम कुठे वाढवायचं ते त्यावर ठरवा. आकडा लहान असेल तर तालुकाही जाहीर करू नका, गावात ओळख पटायला वेळ लागत नाही. संमतीशिवाय तपासणी नाही आणि माहिती फोडायची नाही, हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तो पाळा, एवढंच.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण कुणाचं नाव घेऊ नका.