वेगळें निघण्याचा कायदा

एकत्र कुटुंबांतून एखादा भाऊ वेगळा निघतो, तेव्हां गांवांतील जाणतीं माणसें दोनच प्रश्न विचारतात : त्यानें आगाऊ सांगितलें होतें काय, आणि आपल्या वांट्याचें देणें फेडलें काय ? अमेरिकेनें जागतिक आरोग्य संघटनेचा त्याग केल्यामुळें हेच प्रश्न आतां राष्ट्रांच्या बाबतींत उभे राहिले आहेत.

संघटनेची घटना २२ जुलै १९४६ रोजीं न्यूयॉर्क येथें मान्य झाली व ७ एप्रिल १९४८ पासून अमलांत आली. तींत सभासद होण्याचे नियम आहेत ; बाहेर पडण्याचें कलम मात्र नाहीं. म्हणून अमेरिकेच्या विधिमंडळानें १४ जून १९४८ च्या संयुक्त ठरावानें प्रवेशास संमति देतांना स्वतःपुरती तरतूद करून ठेविली : निघावयाचें झाल्यास एक वर्षाची आगाऊ सूचना द्यावी, आणि संघटनेच्या चालू आर्थिक वर्षाची देणीं पूर्णपणें फेडावीं.

२०२० सालीं अध्यक्ष ट्रंप यांनीं अशी सूचना दिली ; ती बायडन यांनीं २० जानेवारी २०२१ रोजीं मागें घेतली. २० जानेवारी २०२५ रोजीं ट्रंप यांनीं पुनः आज्ञा काढली व तिची मुदत २२ जानेवारी २०२६ रोजीं भरली. पहिली अट पाळली गेली. दुसरी नाहीं, कारण २०२४ व २०२५ या सालांची वर्गणी थकलेलीच राहिली. विधिमंडळानें घातलेली अट एकट्या अध्यक्षानें ओलांडावी काय, हा खरा कायद्याचा प्रश्न होय. बाहेर पडण्याविषयींचीं स्वतंत्र विधेयकेंही तेथील सभासदांनीं मांडलेलीं आहेत.

वाचक म्हणतील, यांत नांदेड-लातूरचें काय गेलें ? संघटना जन्मली तेव्हां हीं दोन्ही गांवें निजामाच्या अमलाखालीं होतीं. हिंदुस्थान १२ जानेवारी १९४८ रोजींच सभासद झाला होता. पोलीस कारवाईनंतर सप्टेंबरांत आपलीही गणना त्यांत झाली. तेव्हांपासून घडलेलें पाहावें. देवीच्या रोगापासून आपला देश मुक्त झाल्याचें १९७७ सालीं ठरलें. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यावाटें जडणारा नारू महाराष्ट्रांतही होता. पाणी वस्त्रगाळ करून पिण्याची शिकवण व विहिरींची सुधारणा यांनीं तो हटला, आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. पोलिओचें तसेंच प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ रोजीं मिळालें. श्रम आपल्याच परिचारिकांचे व आरोग्यसेवकांचे. परंतु रोग खरोखर गेला कीं नाहीं, हें सांगावयास त्रयस्थ परीक्षक लागतो.

त्रयस्थाची गरज नांदेडकरांना निराळी सांगावयास नको. एप्रिल २०२० च्या अखेरीस हुजूर साहिब येथें अडकून पडलेले हजारों यात्रेकरू पंजाबांत परतले व त्यांतील पुष्कळांस कोरोनाचा संसर्ग झाल्याचें आढळलें. तो नांदेडास जडला कीं वाटेंत, यावरून एकाच देशाच्या दोन राज्यांत वाद माजला. मग परक्या राष्ट्रांत असा वाद झाला तर निवाडा कोणीं करावा ?

संघटना निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कोरोनाच्या आरंभीं तिनें पुरेशी तत्परता दाखविली नाहीं, या टीकेंत तथ्य आहे. नेमून दिलेल्या वर्गणीपैकीं शेंकडा २२ भाग एकट्या अमेरिकेवर होता, ही तक्रारही पोकळ नव्हे. परंतु हिशोब मागावयाचा तर घरांत बसूनच मागतां येतो.

पूर्वीं सोव्हिएत रशियाही १९४९ सालीं असाच रागावून निघाला होता. घटनेंत कलम नसल्यामुळें संघटनेनें त्यास निष्क्रिय सभासद मानलें व दार लोटलें नाहीं. कांहीं वर्षांनीं तो परतला. आणि १९५८ सालीं त्याच राष्ट्राचे प्रतिनिधि झ्दानोव यांनीं देवीचें जगांतून उच्चाटन करण्याची सूचना मांडली. पुढें त्या कार्याचें नेतृत्व हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरनें केलें. एकमेकांचे हाडवैरी म्हणविणारीं तीं दोन राष्ट्रें एका कामास लागलीं, म्हणूनच आज मराठवाड्यांतील आयांना देवीच्या भयानें नवस बोलावे लागत नाहींत. अमेरिकेस परतावयाचें झाल्यास तिच्यासाठींही दार असेंच उघडें असावें. मात्र थकलेली वर्गणी तिनें आधीं भरावी.