डफ चळवळीचा, पोट शाहिराचे

कलापथक फुटले की त्याचे कारण आपल्याकडे आधीच ठरलेले असते : कलावंतांचा अहंकार. पुढे कोणी उभे राहायचे, फलकावर कोणाचे नाव मोठे असावे, गाणे कोणाच्या नावावर लागावे, ह्यावरून पोरे भांडली आणि पथक मोडले, असे म्हणून आपण पुढच्या सभेच्या तयारीला लागतो. हे निदान मोठे सोयीचे आहे. कारण त्यात निदान करणाऱ्याकडे कोणतीच जबाबदारी येत नाही. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला मात्र ते पटणे कठीण. अहंकार बँकेत असतो, कारखान्यात असतो, महाविद्यालयात तर मुबलक असतो. म्हणून त्या संस्था दर चार वर्षांनी मोडत नाहीत. (फुटीच्या बाबतीत समाजवाद्यांनी दुसऱ्याला उपदेश करणे हा तर विनोदच.) मग कलापथकच का मोडते? माझे उत्तर सरळ आहे. ज्या उद्योगात श्रमाला मोबदला नाही, गाठीला भांडवल नाही आणि उत्पादनावर श्रमिकाची मालकी नाही, तो उद्योग मोडणारच. त्या उद्योगाचा फुकट लाभ घेणारे आपणच आहोत.

ह्या बाबतीत एक अगदी परके उदाहरण उपयोगी पडेल. १९८० च्या सुमारास अमेरिकेत ‘हार्डकोअर पंक’ नावाचा संगीतप्रकार पुढे आला. कर्कश, अतिवेगवान, मिनिट-दीड मिनिटात संपणारी गाणी. आपल्या कानांना ती बहुधा रुचणार नाहीत. पण त्यांचे अर्थकारण पाहण्यासारखे आहे. वॉशिंग्टनमधील ‘टीन आयडल्स’ हा शाळकरी वयाच्या मुलांचा बँड १९८० मध्येच मोडला. कार्यक्रमांतून मिळालेले सुमारे सहाशे डॉलर त्यांनी एकत्र साठवले होते. ते वाटून न घेता त्यांनी आपल्या मोडलेल्या बँडची तबकडी काढली आणि त्यासाठी ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था सुरू केली. त्यांच्यापैकी इयन मकाय आणि जेफ नेल्सन ह्या दोघांनी ‘मायनर थ्रेट’ हा नवा बँड उभारला. तोही मतभेदांमुळे १९८३ मध्ये मोडला. म्हणजे भांडणे तिथेही झालीच. परंतु संस्था टिकली. तिने त्याच शहरातल्या पुढच्या बँडांच्या तबकड्या काढल्या, किमती मुद्दाम कमी ठेवल्या. मकायचा नंतरचा ‘फुगाझी’ हा बँड पाच डॉलरच्या तिकिटाचा आग्रह धरीत असे. बँड मोडणे ही आपत्ती नव्हे. तरुण माणसे एकत्र येतात, वेगळी होतात, हे स्वाभाविकच आहे. बँडबरोबर सारी शिल्लक मातीत जाणे ही खरी आपत्ती. ती तिथे टळली. आपल्याकडे दरवेळी ओढवते.

कोणी म्हणेल, ती सुखवस्तू घरांतली मुले. आईबापांच्या तळघरात तालमी करणे त्यांना परवडत होते. आक्षेप खरा आहे. अन्न महामंडळाच्या गोदामात पोती वाहणाऱ्याच्या मुलाला मनमाडात तालमीसाठी तळघर मिळत नाही. पण ह्यावरून निष्कर्ष कोणता निघतो? ज्यांच्यामागे घरची गादी होती त्यांनीसुद्धा सामाईक निधी उभारला. ज्यांच्यामागे काहीच नाही त्यांना आपण ‘निष्ठेवर’ जगायला सांगतो.

मनमाडला लोक गाडी बदलण्यापुरते ओळखतात, फार तर पाणीटंचाईसाठी. परंतु पुलांचे गर्डर घडवणाऱ्या रेल्वे कारखान्याच्या ह्याच गावात, फेब्रुवारी १९३८ मध्ये, जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले होते. असे विचार वस्त्यावस्त्यांत नेले ते कोणी? ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्यापर्यंत ते जलशांनी पोचवले. सत्यशोधकी जलशांची परंपरा आंबेडकरी चळवळीत आणणाऱ्यांत भीमराव कर्डक हे ह्याच नाशिक जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेले वामनदादा कर्डक २००४ मध्ये निधन होईपर्यंत गावोगाव गात राहिले. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखेच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते. हे वाक्य आपण व्यासपीठावरून आवडीने ऐकवतो. मग हिशेबाच्या वहीत त्याचे प्रतिबिंब का पडत नाही? वक्त्याला गाडी, शाहिराला एस. टी.; वक्त्याची उतरण्याची सोय, शाहिराला शाळेची ओसरी; आणि वक्ता उशिरा आला तर गर्दी धरून ठेवण्याचे काम पुन्हा शाहिराकडेच!

इतिहास ह्याहून निराळे सांगत नाही. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ह्या शाहिरांनी मैदाने भरवली. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. मंत्रिपदे वाटली गेली, स्मारके उभी राहिली. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी हलाखीत गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. त्या पथकाची गाणी राहिली, परंतु नव्या पोरांना हाती धरता येईल असे पथकाचे स्वतःचे घर, निधी, छापखाना ह्यांपैकी काहीही मागे राहिले नाही. आपल्या घरातले उदाहरण हवे असेल तर राष्ट्र सेवा दलाचे कलापथक घ्या. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे तिथून पुढे आले आणि रंगभूमीकडे, चित्रपटाकडे गेले. ‘ते गेले’ असे आपण हळहळून म्हणतो. बाजाराने त्यांना दाम दिला, आपण हार दिला. हाराने चूल पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पथके पैशाअभावी नव्हे, पोलिसांमुळे मोडतात. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २०११ मध्ये अटका सुरू झाल्या. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर हजर झाले. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर ह्यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप ह्यांना अटक झाली. गाण्याचे उत्तर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याने देणारे शासन स्वतःच्या दुबळेपणाची कबुली देत असते. हे निःसंदिग्धपणे म्हटलेच पाहिजे. परंतु दडपशाहीचा घावही जिथे पोकळी असते तिथेच खोल जातो. वकिलाची फी कोणी भरायची, घरभाडे कोणी द्यायचे, तुरुंगातल्याच्या आईला भेटीचा प्रवासखर्च कोणी द्यायचा? आनंद पटवर्धन ह्यांच्यासारख्या नागरिकांनी बचाव समिती उभारली, हे त्यांना भूषणावह आहे. अटका झाल्यानंतर ती उभारावी लागली, हे आपणा सर्वांना भूषणावह नाही. कामगार संघटना संपाचा निधी संपापूर्वी जमवते, संप फुटू लागल्यावर नव्हे.

हा प्रश्न केवळ कंजूषपणाचा नाही. त्यामागे अर्थशास्त्रीय नियम आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन ह्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, कारखान्यातील मजुराची उत्पादकता यंत्रामुळे वाढते, वादकाची वाढत नाही. चौघांनी वाजवायच्या रचनेला आजही चौघेच लागतात आणि तितकाच वेळ लागतो. परिणामी खर्च वाढत जातो, उत्पन्न मागे पडते, आणि ती तूट कोणीतरी भरावी लागते. युरोपात ती बहुतांशी शासन भरते, व्यापारी रंगभूमीवर तिकीट भरते. चळवळीत ती शाहिराची बायको धुणीभांडी करून भरते. इतरांच्या श्रमाच्या शोषणावर आपण ठराव करतो. ह्या शोषणाला मात्र ‘त्याग’ हे नाव दिले आहे.

राहिला शेवटचा आक्षेप : पैसा आला की निष्ठा जाते. मनमाडच्या रेल्वे कामगाराला दरमहा पगार मिळत होता. म्हणून मे १९७४ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस ह्यांच्या नेतृत्वाखालील वीस दिवसांच्या संपात, देशभरच्या पगारदार रेल्वे कामगारांची निष्ठा कमी पडली काय? नोकरी गमावण्याची तयारी ठेवून ते उतरले. निष्ठा पगाराने मरत नाही, ती अपमानाने मरते.

तेव्हा साथींनो, पुढच्या फुटीची वाट न पाहता तीन गोष्टी करता येतील. पहिली, प्रत्येक सभेच्या अंदाजपत्रकात पथकाचे मानधन वक्त्याच्या प्रवासखर्चाच्या वर लिहावे आणि कार्यक्रमाच्याच दिवशी द्यावे. दुसरी, जिल्ह्याजिल्ह्यात कलावंतांची स्वतःची सहकारी संस्था नोंदवावी. वाद्ये, ध्वनिमुद्रणे आणि गाण्यांचे हक्क तिच्या मालकीचे असावेत, पक्षाच्या नव्हेत. पथक मोडले तर शिल्लक पुढच्या पथकाला मिळावी, हे तिच्या नियमांतच लिहिलेले असावे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड : त्या पथकाने आपल्यावर टीकेचे गाणे केले तरी मानधन कापू नये. ही तिसरी अट जो पक्ष पाळू शकणार नाही, त्याला शाहीर नको आहे, भोंगा हवा आहे. आणि भोंगा भाड्याने मिळतो.